गाठ विरघळवायचे थेंब

ऋतुजाची डॅश, कबड्डीतली ती धडक, बसली तेव्हा मी हसतच पडले. मनवेलपाड्याच्या मैदानावर संध्याकाळचा सराव चालला होता. मी चढाई करून परतत होते आणि मीच शिकवलेली मुलगी मला मध्यरेषेपर्यंत पोचू देत नव्हती. कबड्डी शिकवणाऱ्या बाईला याहून मोठा आनंद कुठला? तिचा हात सगळ्या वजनासकट माझ्या गळ्यावर आदळला. मी पाठीवर पडले, तोंडात माती गेली.

"मॅडम, सॉरी! चुकून लागला!" ती धावत आली.

"सॉरी कसली? अशीच मॅचमध्ये मार," मी म्हटलं आणि तिच्या हाताला धरून उठले.

घरी आंघोळ करून गळा पुसताना माझा हात थांबला. डाव्या बाजूला लिंबाएवढं काहीतरी आलं होतं. सकाळी ते नव्हतं. दाबलं तर कानापर्यंत कळ गेली. थुंकी गिळली तर ते लिंबू वर सरकलं आणि पुन्हा खाली आलं. मी आरशासमोर उभी राहून गिळत राहिले आणि ते वरखाली होत राहिलं.

मी शाळेत पीटी शिकवते आणि संध्याकाळी मुलींच्या संघाचा सराव घ्यायचे. छत्तीस वर्षांत तापाशिवाय दुसरा आजार मला माहीत नव्हता. घरात आम्ही दोघंच, मी आणि नवरा नीलेश. तो वसई पूर्वेला इलेक्ट्रिकल पॅनलच्या कारखान्यात आहे. त्याने गळा पाहिला आणि स्कूटरची चावी घेतली.

*

सोनोग्राफीच्या खोलीत थंड जेल लावून डॉक्टर यंत्र फिरवत राहिले. "ही आजची नाही," ते म्हणाले. "पाण्याची गाठ आहे, सिस्ट. आत बरीच वर्षं असेल. आज मार लागला, आत रक्त सुटलं, म्हणून एकदम फुगली. शेजारी अजून दोन-तीन बारक्या गाठी दिसतायत, भरीव."

बरीच वर्षं! म्हणजे मी पळत होते, ओरडत होते, मुलींना पकडी शिकवत होते तेव्हा ती गळ्यात बसलेलीच होती. मला तिचा राग आला. आजाराबद्दल मला आलेली पहिली भावना भीती नव्हती, राग होता.

थायरॉईडच्या डॉक्टर बाईंनी दुसऱ्या दिवशी सुईने पाणी काढलं. "आता गिळायचं नाही, बोलायचं नाही, हलायचं नाही." सुई आत गेली तेव्हा मी पलंगाची कड अशी धरली की बोटांचे सांधे पांढरे पडले. सिरिंजमध्ये चॉकलेटी रंगाचं जुनं रक्त चढत गेलं. गळ्यावरचा दाब उतरला आणि मी रडले. दुखलं म्हणून नाही, श्वास मोकळा झाला म्हणून.

बाई समजावून बोलणाऱ्या होत्या. नमुना तपासणीला जाईल, असल्या बहुतेक गाठी साध्याच निघतात, थायरॉईडचं काम सध्या ठीक चाललंय. "स्वतःच्या मनाने काही घेऊ नका," त्या म्हणाल्या. "काही वाटलं तर आधी मला विचारा."

रिपोर्ट येईपर्यंत आमच्या घरात तो एक शब्द कोणी उच्चारला नाही. नीलेश टीव्हीवर त्या आजाराची जाहिरात लागली की चॅनल बदलायचा. मी अंथरुणावर पडून गळ्याला हात लावायचे आणि मनातल्या मनात कोण कोण आपल्या मयताला येईल ते बघायचे. रिपोर्ट चांगला आला. आम्ही रिक्षात बसून एकमेकांच्या हातावर हात ठेवला, एवढंच.

पण थोड्याच दिवसांत गाठ पुन्हा भरली. डॉक्टर बाई म्हणाल्या की असं होतं. पुन्हा काढू, आणि फारच त्रास देऊ लागली तर ऑपरेशनचा विचार करू. ऑपरेशनमध्ये आवाजाच्या नसेला थोडा धोका असतो, हे त्यांनी लपवलं नाही. मैदानाच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकाला ओरडणं हे माझं काम. मला ना सुई हवी होती, ना सुरी. मी तिसरी वाट शोधायला लागले.

*

तिसरी वाट शेजारच्या बिल्डिंगमधल्या सुजाताताईंनी दाखवली. त्या बायकांची जिम चालवायच्या आणि ताकदीच्या पावडरी, गोळ्याही विकायच्या. "अगं, गळ्यात गाठ का होते? आयोडीन कमी पडतं म्हणून. भरपूर दे, आपोआप विरघळते." त्यांनी मोबाईलवर व्हिडिओ दाखवले. एका बाईची गाठ चार महिन्यांत गायब झाली होती.

त्या फसवत नव्हत्या, स्वतःही तेच घ्यायच्या. आणि मला ते पटलं, कारण शाळेत आपण हेच शिकलो होतो. आयोडीन नसलं की गलगंड होतो, म्हणून मिठात आयोडीन घालतात. मग जास्त घातलं तर जास्त चांगलं, हे माझं मी जोडलं. काळपट तपकिरी थेंबांची बाटली आणि समुद्री शेवाळाच्या कॅप्सूल मी घरी आणल्या. आईला फोन केला. ती खाडीकाठच्या आमच्या गावी असते, भातशेती बघते.

"घे बाय," ती म्हणाली. "गोल्या थोड्याच हायेत? पान्यात घालून थेंबच घ्यायचे ना? कोनाला काय होतं त्यानं?"

नीलेश म्हणाला, "डॉक्टरांना विचारलंस?"

"त्या काय सांगणार? ऑपरेशन करा," मी म्हटलं. सांगितलेले थेंब कमी वाटले म्हणून मी दुप्पट घेऊ लागले.

*

सुरुवातीचे आठवडे सुखाचे होते. वजन उतरलं. पायांत आग भरल्यासारखी मी पळायचे. सरावात तीन-तीन मुली मला धरायच्या आणि मी त्यांना ओढत रेषेवर यायचे. "मॅडम, क्या खाके आये हो?" मुली विचारायच्या. मला वाटलं, गाठ विरघळतेय आणि त्याची ही ताकद आहे.

मग झोप गेली. कुशीवर झालं की छातीतले ठोके उशीत ऐकू यायचे. पंख्याखाली घाम फुटायचा. शिटी हातात धरली की थरथरायची. केस गळून न्हाणीघराच्या जाळीत अडकायचे. खायचे भरपूर आणि कपडे सैल होत चालले होते.

आणि राग. त्या रागाबद्दल मला नीट लिहायचंय, कारण थायरॉईडच्या माहितीपत्रकात त्याला 'चिडचिड' म्हणतात. ती चिडचिड नव्हती. भात थोडा लागला म्हणून मी कुकर उचलून खिडकीवर मारला. काच फुटली, जाळी वाकली, कुकर ग्रिलला अडकून राहिला. वर्गात एका मुलीने बुटाची नाडी बांधली नव्हती, मी तिचा बूट काढून गच्चीवर भिरकावला. रस्त्यात एका रिक्षावाल्याने हॉर्न दिला तर मी त्याची कॉलर धरून त्याला सीटवरून खाली ओढलं. तो माझ्या दुप्पट होता आणि माझ्या डोळ्यांकडे बघून घाबरला. मला ते आवडलं. हेही लिहायला हवं. मारताना मला बरं वाटायचं. छातीतली धडधड तेवढ्यापुरती कामाला लागायची.

नीलेश एका सकाळी डबा भरत होता. "तू ते थेंब बंद कर," एवढंच म्हणाला. माझ्या हातात स्टीलचा डबा होता. मी तो त्याच्या तोंडावर मारला. फेकला नाही, हातात धरून मारला. भुवईच्या वरची कातडी उघडली आणि रक्त डोळ्यात, गालावर, पोळ्यांवर. तो भिंतीला टेकून खाली बसला. मी पुन्हा हात उचलला होता. तो म्हणाला, "बस. बस झालं," आणि डोक्यावर दोन्ही हात धरले.

दवाखान्यात त्याने शिडीवरून पडलो म्हणून सांगितलं. टाके पडले.

आमच्या भिंती पातळ आहेत. आवाज सगळ्या मजल्याला जायचे. पण बिल्डिंगने जे ऐकलं त्याचा अर्थ उलटा लावला. वरच्या मजल्यावरच्या काकू नीलेश कामावर गेलेला बघून आल्या, माझा हात हातात घेतला. "किती वाळलीस गं! हात बघ कसे कापतायत. किती सोसशील? चल, पोलीस चौकीत मी येते तुझ्याबरोबर."

"नको, काकू," म्हणत मी त्यांना दारापर्यंत सोडलं. त्या दिवसापासून लोक लिफ्टमध्ये नीलेशशी बोलेनासे झाले. त्यानेही कोणाला खरं सांगितलं नाही. बायको मारते, हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

*

आचोळ्याच्या मैदानावर स्पर्धा होती. आमचा सामना अटीतटीचा. शेवटच्या चढाईला समोरची मुलगी कोपऱ्यात आली आणि ऋतुजाने तिच्या घोट्याला हात घातला, पण पकड सुटली. एका गुणाने आम्ही हरलो.

ऋतुजा तिथेच मातीत बसून रडत होती. मी पंचांना ओलांडून आत गेले. मला वाटतं, मी तिला उठवायलाच निघाले होते. जवळ गेल्यावर मी तिच्या बरगडीत लाथ मारली. ती आडवी झाली तेव्हा दुसरी मारली. केस धरून तिला ओढलं. ती "मॅडम, मॅडम" करत होती आणि मला तो शब्द लांबून, दुसऱ्या कोणाला हाक मारल्यासारखा ऐकू येत होता. चार मुलींनी मला मागे खेचलं. एकीच्या दंडाला मी चावले. कोणीतरी मोबाईल धरून शूटिंग करत होतं. गॅलरीतून बायका ओरडत होत्या, "पागल झालीय ही!"

मग छातीत काहीतरी निसटलं. ठोके पडायचे थांबले नव्हते, पण त्यांना ताल राहिला नव्हता. पिशवीत मासे उड्या मारतात तसं आत काहीतरी उडत होतं. मैदान तिरकं झालं. मी उलटी केली आणि पडले. ज्या मुलींना मी मारत होते त्यांनीच मला उचलून रिक्षात घातलं.

*

अतिदक्षता विभागाचे पहिले दिवस मला तुकड्यातुकड्यांत आठवतात. ताप चढलेला. मी सुया उपटून काढल्या म्हणून हात बँडेजने पलंगाला बांधलेले. एका सिस्टरला मी लाथ मारली. तिच्या हातातला ट्रे भिंतीवर गेला. थोड्या वेळाने तीच परत आली, पायांच्या बाजूने न येता डोक्याच्या बाजूने आली, आणि ओल्या कापसाने माझे ओठ पुसले. "मारायचं नाय हं आता," म्हणाली, "मला घरी जाऊन पोळ्या लाटायच्यात." ती वसईतल्या जुन्या गावातली, गळ्यात बारीक क्रूस. पुढे शुद्धीवर आल्यावर मी माफी मागितली तेव्हा तिला नक्की कोणत्या लाथेबद्दल ते आठवेना.

डॉक्टर बाई आल्या. माझ्या गळ्याला हात न लावता त्यांनी नीलेशला विचारलं, "ह्या काय घेतात?"

तो घरी जाऊन बाटली आणि कॅप्सूलचा डबा घेऊन आला. बाईंनी बाटलीवरचं लेबल वाचलं आणि डोळे मिटले. "किती थेंब?" त्याने सांगितलं.

मला पुढे त्यांनी समजावलं ते माझ्या भाषेत असं. आयोडीन हा थायरॉईडचा कच्चा माल. निरोगी ग्रंथी खूप माल आला तर काम आवरतं घेते. पण गाठी असलेल्या ग्रंथीतल्या काही गाठी कोणाचं ऐकत नाहीत. त्यांना माल मिळाला की त्या हार्मोन काढत सुटतात. ते अंगात भरतं आणि हृदय, डोकं, आतडी सगळी धावायला लागतात. माझ्या पाण्याच्या गाठीवर त्या थेंबांचा काडीचा परिणाम झाला नव्हता. ती होती तेवढीच होती. शेजारच्या त्या बारक्या भरीव गाठी मात्र पेटल्या.

"मग मीठ बंद करू का?" मी विचारलं.

"जेवणातलं मीठ जेवणातल्यासारखं खा. त्यात असतं ते माणसाला लागतंच. बाटलीतलं त्याच्या कितीतरी पट आहे. आणि कोणाला खरंच कमतरता असली तर ते तपासून ठरवायचं असतं, गाठ दिसली म्हणून नाही."

जायला निघाल्या आणि थांबल्या. नीलेशच्या भुवईवरची खूण त्यांनी पाहिली होती. माझ्या दंडावर मुलींनी धरल्याचे काळेनिळे डाग होते. त्याला त्यांनी औषधं आणायला पाठवलं, पडदा ओढला आणि हळू आवाजात विचारलं, "घरी मारहाण होते का?"

"होते," मी म्हटलं.

त्यांनी माझा हात धरला.

"मी मारते," मी म्हटलं.

त्यांनी हात सोडला नाही. माझ्या आजारपणातली सगळ्यात मोठी मेहेरबानी मी हीच धरते.

*

बरं होणं हळू असतं, हे कोणी सांगत नाही. थेंब बंद केले म्हणून उद्या सगळं शांत होत नाही. अंगात साठलेलं जायला महिने लागतात. हृदयाच्या गोळ्यांनी धडधड लवकर उतरली, थायरॉईडच्या गोळ्यांना वेळ लागला. त्या गोळ्यांनी क्वचित रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटतात, म्हणून घसा दुखून ताप आला तर त्याच दिवशी रक्त तपासायला यायचं, अशी ताकीद होती. एकदा तसं झालं आणि आम्ही दोघं प्रयोगशाळेबाहेर बसून घामाघूम झालो. रक्त ठीक निघालं.

ऋतुजाची बरगडी मोडली होती. शाळेने मला रजेवर पाठवलं आणि संघ माझ्याकडून काढून घेतला, ते बरोबरच केलं. चालता येऊ लागल्यावर मी तिच्या घरी गेले. दार तिच्या आईने उघडलं. मी बोलायला लागले, थायरॉईड, थेंब, हार्मोन.

"थांबा," ती बाई म्हणाली. "तुम्ही आजारी होता, कळलं मला. पोलिसांत पन गेले नाय मी, पोरगीच नको म्हनाली. पन ती आता कोनी मागून चालत आला तरी दचकते. ते कुठल्या गोळीनं जानार, सांगा."

ऋतुजा आतल्या खोलीत होती. बाहेर आली नाही. ती आता दुसऱ्या संघातून खेळते. मी बघायला जात नाही.

सुजाताताईंना मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, तुला सूट नाही झालं. अजून विकतात. मी त्यांच्या जिमच्या दाराशी उभी राहून आत जाणाऱ्या बायकांना सांगते. काही ऐकतात. काहींना वाटतं, मी भांडण उकरतेय.

पाण्याची गाठ पुन्हा एकदा सुईने काढली. ती आता सुपारीएवढी आहे आणि तशीच असेल तर असू दे, असं आमचं ठरलंय. भरीव गाठींवर दर काही महिन्यांनी नजर ठेवतात.

राहिला प्रश्न, तो राग कोणाचा? डॉक्टर बाई म्हणाल्या, आजाराचा. मला ते अर्धंच पटतं. जोर आजाराने दिला, पण डबा कोणावर उगारायचा ते माझ्या हाताला बरोबर माहीत होतं. वरच्या काकूंवर मी कधी उगारला नाही. तो एक रिक्षावाला सोडला तर ज्याच्याकडून उलटून येणार नव्हतं त्याच्यावरच उगारला. हे ज्याचं त्याने बरं झाल्यावर बसून बघावं. गोळी हे बघत नाही.

नीलेश माझी सगळी सेवा करत होता. गोळ्या, पथ्य, तपासण्या. पण मी पंख्याच्या बटणाकडे हात केला तरी त्याची मान आत जायची. चहात साखर जास्त झाली तरी "चांगला झालाय" म्हणायचा. महिनोन्‌महिने आमच्या घरात एक वाकडा शब्द नव्हता. शेजाऱ्यांना वाटलं, नवरा सुधारला. मला त्या शांततेत गुदमरायला व्हायचं. एकदा मी त्याला विचारलं, "तू मला माफ केलंस का?" तो म्हणाला, "हो, हो," आणि लगेच उठून गॅलरीत गेला.

मागच्या महिन्यातली गोष्ट. आमच्याकडे सकाळी पाणी थोडाच वेळ येतं. भरायची पाळी माझी होती आणि मी झोपून राहिले. नीलेश उठला तेव्हा नळ सुसू करत होता आणि दोन्ही पिंपं रिकामी.

"अगं, काय हे!" तो इतक्या मोठ्याने ओरडला की मी दचकून उठून बसले. "एक काम! एक काम सांगितलं होतं! आता आंघोळ काय तुझ्या डोक्याने करू?"

मी उठून स्वयंपाकघरात आले. तो बोट नाचवत होता. ते बोट माझ्या नाकापाशी होतं आणि तो मागे सरकत नव्हता.

"रोज मीच भरते ना?" मीही ओरडले. "एक दिवस झोपले तर काय आभाळ कोसळलं?"

"रोज भरतेस? परवा कोणी भरलं? सांग, परवा कोणी भरलं?"

हात मी ओढणीत गुंडाळून घट्ट धरले होते. छातीत ठोके जोरात होते, पण एकामागून एक, नीट तालात. तो माझ्याकडे पाठ करून वाकला, सिंकखालच्या कळशीतलं उरलंसुरलं पाणी बादलीत ओतू लागला आणि माझ्या हाताच्या अंतरावर, मागे एकदाही वळून न बघता, मला बोलत राहिला.